ओलं फडकं

"मी पुढंच उभारणार," आई म्हणाली. "मागनं काय दिसतंय? लोकांची डोकी?"

पुण्याबाहेरच्या एका बंद पडलेल्या दगडखाणीत, स्टेजमागे ताडपत्रीच्या सावलीत, ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून कानात घालायला कापसाचे बोळे वळत होती. आज साडी सोडून तिने मुद्दाम पांढरा कुडता घातला होता आणि मांडीवर तिची लाल पर्स होती. पहाटेच्या एसटीने ती इचलकरंजीहून एकटी आली होती, कारण मी फोनवर सांगून बसले होते की यंदाच्या संगीत महोत्सवात मोठ्या स्टेजवर मला तासभर मिळालाय, पाच ते सहा. माझ्यानंतर लंडनहून आलेला पाहुणा वाजवणार होता. सहा वर्षं मी हॉटेलांच्या गच्च्यांवर वाजवत होते, जिथे माझं ऐकायला दोन माणसं आणि कबाब खायला दोनशे. हा तास नीट गेला तर त्या गच्च्या सुटणार होत्या.

"आई, पुढे ढकलाढकली असते. बाजूला मोकळी जागा आहे, खुर्ची देतो म्हणालेत."

"खुर्चीवर बसून बघायला मी काय कीर्तनाला आलोय?"

तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. माझे वडील तर प्रयत्नसुद्धा करत नसत.

मी डीजे आहे, ड्रम अँड बास नावाचं संगीत वाजवते. मिनिटाला पावणेदोनशेच्या आसपास ठोके पडतात. पुण्यातल्या माझ्या मैत्रिणींच्या आयांनी ते ऐकून कानांवर हात ठेवले होते. माझ्या आईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाली, "ह्यात नवीन काय? खाली आपलं चालूच असतंय की." खाली आमचे चार यंत्रमाग होते आणि वर आम्ही राहायचो. इचलकरंजीत तान्ही पोरं मागाच्या खटखटीत झोपतात. वीज जाऊन माग थांबले की मात्र सगळी आळी जागी होते, आणि काय झालं म्हणून दारात येऊन उभी राहते.

"नाचताना दम लागला तर?" तिने विचारलं. नाचायचा विचार होता म्हणजे!

"वर ड्रम पळत असतात, त्यांच्या नादी लागायचं नाही. खाली बास असतो, तो निम्म्या वेगाने चालतो. तो धरायचा. पाय त्याच्यावर टाकायचा."

"आणि पाणी कवा प्यायचं?"

यावर फैयाज हसला. फैयाज मुजावर हा मिरजेचा, माझा या धंद्यातला जोडीदार. मी वाजवायचे आणि तो माइक घेऊन लोकांना चेतवायचा. कुठलं गाणं कधी लावायचं हे मला त्यानेच शिकवलं होतं. पंगतीत जिलबी आधी वाढली तर माणूस भाताला थांबत नाही, हा त्याचा पहिला नियम. चढ दिला की उतार द्यायचा, आणि चार-पाच जोरकस गाण्यांनंतर एक पाण्याचं गाणं लावायचं, हा दुसरा. पाण्याचं गाणं म्हणजे असं, की लोकांना वाटावं, हे चुकलं तरी चालेल, तेवढ्यात पाणी पिऊन येऊ.

गाण्यांना आम्ही आमचीच नावं ठेवली होती. मूळ नावं लक्षात राहायची नाहीत. एक होतं 'गिरणी', ते लागलं की जमीन हलायची. एक 'चिंच' होतं, एक 'भिंत'. आणि पाण्याच्या गाण्यांत सगळ्यांत मिळमिळीत होतं त्याचं नाव 'ओलं फडकं'. बाई हुं हुं करत राहते, बास दोन स्वरांत इकडून तिकडे जातो, आणि शेवटपर्यंत काहीही घडत नाही. फैयाजने हेडफोन आईच्या कापसावरच चढवला आणि तिला ते ऐकवलं.

"ह्ये बरं हाय की!" आई जोरात म्हणाली. "ह्येला नावं ठेवताय व्हय?"

"मावशी, हे लागलं की पाणी प्यायला जायचं," फैयाज म्हणाला.

"बरं. मी तवा पाणी पितो."

पाच वाजता मी सुरुवात केली. खाण म्हणजे अर्धी कढई. तळाला स्टेज, समोर चढत जाणारा मुरमाचा उतार, वर खाण्याची दुकानं आणि यायची एकुलती एक वाट. तळाशी लोखंडी कठडा होता आणि त्याला चिकटून, अगदी मधोमध, आई. आजूबाजूची रंगवलेल्या केसांची पोरं तिला 'आंटी' म्हणून जागा करून देत होती. ती मोठ्या गंभीरपणे एकेक पाय उचलून ठेवत होती, आणि बास बरोब्बर धरून होती. मला इतका आनंद झाला की पुढचं गाणं जोडायला क्षणभर उशीर झाला.

पहिली वीस मिनिटं मी जपून वाढलं. जिलबी राखून ठेवली. लोक येत होते, उतार भरत होता. मग एकदम फारच भरायला लागला. आयोजक कौस्तुभ जेधे धावत आला आणि माझ्या कानात ओरडला, "पलीकडच्या स्टेजचा जनरेटर बसला. तिकडची सगळी पब्लिक इकडे वळवलीय. आता गिरणी लाव, फाडून टाक!"

मी गिरणी लावली.

गाण्यात ताण चढत जातो, क्षणभर सगळं थांबतं आणि मग बास कोसळतो. तो कोसळला तेव्हा सगळी खाण ओरडली. मी समोर पाहिलं. आईचा हात वर होता, हातात लाल पर्स. ती हात वर करून नाचत होती. मी हसून तिला हात केला.

तिने बघितलं नाही. मी पुन्हा पाहिलं. तो हात तालात नव्हता.

तो कुठल्याच तालात नव्हता. तो वर अडकला होता, खाली यायला जागा नव्हती म्हणून. तिच्या आजूबाजूची पोरंही नाचत नव्हती. ती सगळी मिळून डावीकडे कलत होती आणि मग उजवीकडे, पाय न उचलता. वरून उतारावरचे लोक उड्या मारत खाली सरकत होते, आणि प्रत्येक उडीचं वजन खालच्यांवर उतरत होतं. आईचं तोंड उघडं होतं. कठडा तिच्या छातीत होता.

मी गाणं बंद केलं. कुणीही केलं असतं.

आमच्या या संगीतात एक रीत आहे. गाणं फारच रंगलं, लोक ओरडायला लागले, की वाजवणारा ते मध्येच तोडतो, मागे फिरवतो आणि पुन्हा पहिल्यापासून लावतो. त्याला रिवाइंड म्हणतात. तो लोकांचा मान समजतात. गिरणी ऐन भरात तुटली आणि उतारावरच्या हजारो लोकांनी एकच अर्थ काढला. शिट्ट्या झाल्या, "रिवाइंड! रिवाइंड!" झालं, आणि सगळे आणखी पुढे आले. माग थांबले होते आणि आळी दारात आली होती.

आईचा हात खाली गेला. पर्स दिसेनाशी झाली.

"मागे सरका!" फैयाज माइकवर ओरडला. "मागे! मागे!"

लोकांनी त्याला जोरात प्रतिसाद दिला. दहा वर्षं हा माणूस माइकवर आरडाओरडा करत आला होता. आता तो मागे म्हणतोय की पुढे, हे ऐकायची कुणाला गरज वाटली नाही.

सुरक्षेचा प्रमुख बाबर स्टेजवर चढून आला. तालमीतला माणूस, आडदांड, शर्टाच्या बाह्या फाटलेल्या. "म्याडम, गाणं चालू करा. बंद झालं की सगळी खाली येत्यात."

"माझी आई आहे पुढे!"

"बघितलंय मी. माझी पोरं कठड्यावरनं माणसं वडायल्यात, पण निघंनात. मागचा दाब कमी झाल्याबिगर निघायची न्हाईत. मागची माणसं हालली पायजेत."

"माणसं दबलीत म्हणून सांगू का?" फैयाजने विचारलं.

"आजिबात न्हाई. पळापळ झाली तर यकच वाट हाय वर. मग कुणालाच वडायला नको." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमी कायतरी करा."

तो गेला. मी काय करणार? माझ्यापुढे दोन प्लेअर, एक मिक्सर आणि काही हजार गाणी. ती सगळी लोकांना पुढे आणण्यासाठी गोळा केलेली.

लोकांना हवं ते लावलं तर ते पुढे येणार. काहीच लावलं नाही तरी पुढे येणार. एकदम मरगळलेलं लावलं तर चिडून ओरडणार, बाटल्या फेकणार, आणि कुणीतरी स्टेजकडे धाव घेणार. मी इतकी वर्षं एकच गोष्ट शिकले होते, की लोकांच्या मनातली आशा कशी जिवंत ठेवायची. आता येईल, पुढच्या वळणावर येईल, थांबा, येतंय. माणूस त्या आशेवर जागा सोडत नाही, तहान लागली तरी सोडत नाही. मला ती आशा मारायची होती, आणि तीही अशी हळूहळू की मरताना तिने ओरडू नये.

मी गिरणी पुन्हा सुरू केली, कारण त्यांना तेच हवं होतं, पण बास कोसळायच्या आधीच तिच्याखाली चिंच सरकवलं. गर्दीतून एक 'ओऽऽ' उठला आणि विरला. चिंचमध्येही ताण चढतो. तो चढायला लागला तसं मी तेही काढून घेतलं आणि भिंत लावलं. भिंतमध्ये चढ नाही. ठोके तेच, वेग तोच, पाय हलत राहतात, पण वाट बघण्यासारखं पुढे काही नाही.

"काय करतेयस तू?" कौस्तुभ आला. "पाहुण्याचा मॅनेजर उभा आहे तिथे! प्रणिता, अगं, मरतेय पब्लिक!"

"मरू दे पब्लिक," मी म्हणाले, आणि काय बोलले ते मग मलाच ऐकू आलं.

"करिअर संपेल तुझं."

"कौस्तुभ, खाली बघ. कठड्याकडे बघ!"

त्याने पाहिलं. स्टेजवरून उतरून बाबरच्या पोरांत गेला. पुढे त्याच्याबद्दल कुणी काही म्हटलं की मला हे आठवतं.

भिंत संपत आलं. पुढे काय लावायचं हे ठरवायला मला वेळ लागला नाही. ओलं फडकं लावलं.

बाई हुं हुं करायला लागली. मी समोर बघत होते, तिथे आई नव्हती. काळे, लाल, निळे केस होते, एका पोराचा डोळे मिटलेला चेहरा दुसऱ्याच्या खांद्यावर होता, आणि जिथे आई उभी होती तिथे कुणाची तरी पाठ होती. मला उडी मारून खाली जायचं होतं. दहा पावलं होती. पण गाणं संपलं आणि पुढचं कुणी जोडलं नाही तर पुन्हा शांतता होणार होती, आणि शांततेचा अर्थ त्यांच्या लेखी एकच.

"मी जातो," फैयाज म्हणाला. त्याने माइक माझ्यापुढे ठेवला आणि कठड्याकडे पळाला.

आता स्टेजवर मी एकटी होते. ओरडावंसं वाटत होतं आणि माइक समोरच होता. मी तो बंद करून ठेवला.

पहिली बाटली माझ्या डाव्या बाजूला पडली. "झोपलीस का?" असं कुणीतरी मराठीतच ओरडलं. दुसरी बाटली मिक्सरला लागून फुटली नाही, नुसती गडगडत गेली. मी ओलं फडकं तीन मिनिटं वाजवलं आणि त्याच्यावर पुन्हा ओलं फडकंच जोडलं, दुसऱ्या प्लेअरवरून, पहिल्यापासून. धंद्यात याच्याइतकं लाजिरवाणं काही नाही. पोरं एकमेकांकडे बघून हसायला लागली. हसा, म्हटलं, आणि जा. जा रे बाबांनो, पाणी प्या, भजी खा, घरी जा!

आणि वरच्या कडेला, दुकानांपाशी, दोन मुली वळल्या. त्यांच्यामागे चार पोरं. मग एक घोळका, मोबाइल बघत. वाजवणारा माणूस असा घोळका बघून घाबरतो, रात्री झोपेत बघतो. मी त्यांना डोळ्यांनी ढकलत होते. उतारावर वरच्या बाजूला एक फट पडली आणि तिथे मुरूम दिसला, पिवळा, पायांनी उकरलेला. तो मुरूम हळूहळू खाली येत होता. वरचे गेले तसे मधले सैलावले, मधल्यांना मागे जागा दिसली तसे तेही मागे रेलले. बाबरच्या पोरांनी कठड्यावरून पहिली मुलगी उचलली. मग दुसरी. मग दोन-दोन.

आई नव्हती.

मी तिसऱ्यांदा ओलं फडकं लावलं. माझे हात आपोआप चालत होते. देवाला मी फारसं विचारत नाही, पण त्या वेळी मी चौंडेश्वरीला काय काय कबूल केलं ते सांगण्यासारखं नाही. बास दोन स्वरांत इकडून तिकडे जात होता. कठड्यावर लाल पर्स दिसली, नुसतीच, पट्ट्याने लटकलेली. मग फैयाजचं डोकं वर आलं आणि तो कुणाला तरी काखेत धरून ओढत होता. पांढरा कुडता, एक पाय अनवाणी. मान लटकत होती. तो तिला घेऊन स्टेजच्या बाजूला, माझ्या नजरेआड गेला.

मी वाजवत राहिले. सगळ्यांत वाईट तो भाग होता. ती आहे की नाही हे माहीत नसताना मी चौथ्यांदा तेच गाणं लावलं, कारण कठड्याला अजून माणसं होती, कुणाची तरी पोरं. निम्मा उतार रिकामा झाला तेव्हा बाबरने खालून दोन्ही हात वर करून 'झालं' अशी खूण केली. मी आवाज हळूहळू उतरवला, इतका हळू की थांबला कधी हे कुणाला कळलं नसेल. कुणी रिवाइंड म्हणालं नाही. कुणी टाळीही वाजवली नाही.

स्टेजमागे ताडपत्रीवर ती आडवी होती. गळ्याखालचं, खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, दोन बरगड्या गेल्या होत्या, आणि ओठ निळे. डोळे उघडे होते. मी तिच्या तोंडाजवळ कान नेला. ती श्वास घेत होती, लहान लहान, पण एकसारखे. बोलत मात्र नव्हती. रुग्णवाहिकेत सगळी वाट मी तिचे श्वास ऐकत होते.

त्या दिवशी खाणीत जिवानिशी कुणी गेलं नाही. पुष्कळ जण दवाखान्यात गेले. आयोजकांनी 'उन्हाचा त्रास' असं छापून आणलं आणि विषय मिटला. माझा मिटला नाही. एकच गाणं चार वेळा लावून हजारो लोकांना पळवून लावणारी बाई म्हणून माझी चित्रफीत सगळीकडे फिरली. आतापर्यंतचा सगळ्यांत भिकार सेट, असं एकाने लिहिलं, आणि ते खरंच आहे. मोठं स्टेज मला पुन्हा मिळालं नाही. फैयाज भांडायला निघाला होता, लोकांना खरं सांगतो म्हणाला. पण ज्यांना खरं सांगायचं ते पाणी प्यायला गेले होते. त्यांना काही दिसलंच नव्हतं.

आईशी मी त्याबद्दल बोलले नाही. आधी ती दुखण्यात होती, मग मला धीर होत नव्हता. मला वाटायचं, ती म्हणेल, एवढं बघायला बोलावलंस व्हय? नाहीतर म्हणेल, माझ्यामुळं तुझा कार्यक्रम पडला. दोन्ही मला ऐकवलं नसतं.

चार महिन्यांनी मी इचलकरंजीला गेले. तिचा खांद्याचा पट्टा सुटला होता. दुपारची वेळ होती, खाली माग चालले होते, आणि ती शेंगा फोडत बसली होती.

"पनू," ती म्हणाली, "ते लाव की."

"काय?"

"ते बाईचं. हुं हुं करतीय ते. तुमचं फडकं."

"ते कशाला? ते लागलं होतं तेव्हा तू…"

"तवा तर मला श्वास आला." ती शेंग फोडत होती. "आदी ते जोरातलं चालू होतं, तवा मला बास घावंना. मग तू समदं बंद केलीस. तवा मी म्हटलं, संपलं. खाली गेलो मी. पाय बी न्हाईत, उजेड बी न्हाई. आणि मग ते लागलं. तूच म्हणाली होतीस, बास धर. धरला. तिकडं गेला की श्वास आत, हिकडं आला की भाईर. चार बार लावलीस न्हवं? चार बार धरला."

मी तिच्या पुढ्यातली एक शेंग उचलली.

"आणि दुसरं म्हंजे," ती म्हणाली, "ते काय तू हौसेनं लावायची न्हाईस. नावं ठेवतीस त्येला. म्हटलं, लोकांस्नी पाण्याला घालवालीय. म्हंजे पनूनं मला बघितलंय." तिने टरफलं पदराने गोळा केली. "तू बघितलंयस म्हटल्यावर मग काय भ्या न्हवतं."

मी मोबाइल काढला आणि ते गाणं लावलं. बाई हुं हुं करायला लागली, खाली माग खटखटत होते आणि त्यांच्या निम्म्या वेगाने बास चालला होता. आईने थोडा वेळ ऐकलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, स्वयंपाकघरात माठाकडे गेली, आणि पाणी पिऊन येऊन पुन्हा शेंगा फोडायला बसली.